माझ्या जर्मेनिक भाषेला 'आपण' कुठून आणू?

नदीकाठ

मंडळी, कथेतल्या एका वाक्यावर आठवडाभर अडले आहे. तुमच्यात भाषेची आवड असणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

गेली चार वर्षं मी एक भाषा रचते आहे. तिचं नाव होल्मिस्क. 'होल्म' म्हणजे बेट. उत्तर समुद्राला मिळणाऱ्या एका मोठ्या नदीत माझं काल्पनिक बेट आहे आणि तिथली माणसं ही भाषा बोलतात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होते, तेव्हा वहीच्या मागच्या पानांवर ही सुरू झाली. आता त्या वह्या सहा झाल्यात. बेट मात्र पुण्यातच सुचलं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि एरवी पाच मिनिटांवर असलेली नारायण पेठ एकदम परगाव वाटायला लागते. नदीच्या दोन काठांवरची एकाच भाषेची माणसं, हा विषय तिथूनच डोक्यात बसला.

मी शब्द मनाला येतील तसे बनवत नाही. जर्मन, इंग्रजी, डच या जर्मेनिक भाषांची मूळ भाषा ती आदिजर्मेनिक; भाषाशास्त्रज्ञांनी पुन्हा उभी केलेली तिची रूपं घेते आणि त्यांच्यावर ठरलेले ध्वनिबदल चालवते. जुनी इंग्रजी, फ्रिजियन आणि जुनी सॅक्सन या किनारपट्टीच्या भाषांत स् च्या आधीचा न् गळून स्वर लांबला. म्हणून जर्मनमध्ये 'उन्स' आहे तिथे इंग्रजीत 'अस'. माझ्याकडेही तो गळलाय. सर्वनामं अशी आहेत: इक म्हणजे मी, दू म्हणजे तू, वी म्हणजे आम्ही, यी म्हणजे तुम्ही. आम्हाला म्हणजे ऊस, उच्चार आपल्या उसासारखाच. आमचा म्हणजे ऊसेर.

माझी अडचण 'वी'पाशी आहे. ती सांगायला आमच्या घरातला एक प्रसंग सांगावा लागेल.

ताईचं लग्न झालं त्या वर्षीची दिवाळी. कर्वेनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात आई चकल्या पाडत होती, मी तळत होते, ताई ओट्याला टेकून उभी. परातीतलं पीठ चिमटीत घेऊन हुंगलं आणि ती सहज म्हणाली, "आमच्याकडे भाजणीत धने नसतात." आईच्या हातातला सोऱ्या थांबला. चकलीचा दुसरा वेढा अर्धाच राहिला. क्षणभरच, मग आईने पुढचे वेढे घातले आणि कडेचं टोक बोटाने चिकटवलं. कोणी काही बोललं नाही. त्याआधीच्या दिवाळीला त्याच ओट्याशी ताई 'आपल्याकडे' म्हणाली असती.

माझ्या कथेतही हेच आहे. पलीकडच्या काठावरची मुलगी बेटावर सून होऊन जाते आणि सणाला माहेरी आल्यावर कणीक मळणाऱ्या आईला म्हणते, "आमच्याकडे कणकेत मीठ घालत नाहीत." सगळी कथा त्या एका शब्दावर उभी आहे. आणि जर्मेनिक भाषांत तो शब्दच नाही! जर्मन मुलगी लग्नाआधीही 'बाय उन्स' म्हणेल आणि नंतरही तेच म्हणेल. ऐकणारा त्या 'आम्ही'त आहे की नाही हे सर्वनाम सांगत नाही.

मी काढलेला मार्ग असा. आदिजर्मेनिकमध्ये संस्कृतसारखं द्विवचन होतं, निदान सर्वनामांत. 'वीझ' म्हणजे आम्ही सगळे, 'वित' म्हणजे आम्ही दोघं. संस्कृतच्या वयम् आणि आवाम् सारखं. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिक या जुन्या जर्मेनिक भाषेत आणलं, त्यात हे 'वित' आहे आणि द्विवचनाची क्रियापदंही आहेत. आम्ही दोघं म्हणजे मी आणि समोरचा तू, असं धरून 'वित'लाच 'आपण' करावं आणि 'वी'ला फक्त 'आम्ही' ठेवावं, असा विचार आहे. पटतंय का? कुठे चुकत असेन तर सांगा.

घाटावरचा

प्रसंग वाचून गलबलून आलं. माझ्या बहिणीच्या वेळेस आमच्या आईचं हेच झालं होतं. व्याकरणातलं मला फारसं कळत नाही, पण एक विचारतो. जर्मन माणसांचं इतकी शतकं 'वीर' या एकाच सर्वनामावर भागलंय ना? मग तुमच्या बेटाला दोन कशाला हवेत?

नेकारकाठचा पुणेकर

घाटावरचा, भागतं, पण कसं भागतं ते सांगतो. मी अकरा वर्षं जर्मनीत आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दुपारी शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठला, माझ्याकडे बघून म्हणाला, "वीर गेहेन येत्स्त एसेन." वाक्य पूर्ण कळलं, नुकतीच परीक्षा देऊन आलो होतो. कळलं नाही ते एवढंच की 'आम्ही जेवायला जातोय' की 'आपण जेवायला जाऊया'. मी अर्धवट उठलो, खुर्चीच्या पाठीवरचं जाकीट हातात घेतलं आणि तसाच उभा राहिलो. त्याने दारातून वळून "कम!" म्हटलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तो मनाचा चांगला होता, आजही मित्र आहे. पण ते चार-पाच सेकंद मी विसरलेलो नाही. मराठीत ते आलेच नसते.

नदीकाठ, तुमच्या भाषेला हा शब्द मिळायलाच हवा.

संगमपूल

धागा फार आवडला. मी येरवड्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकतेय, त्यामुळे जरा लांबेल.

'वित' अस्सल आहे, पण ताई, त्यात ऐकणारा असतोच असं नाही. तो फक्त संख्या सांगतो, दोन. दुसरा माणूस कोण हे उघडं राहतं. 'विडसिथ' ही जुनी इंग्रजी कविता दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात टिकलीय. तिच्यात भाट सांगतो 'वित शिलिंग', म्हणजे 'मी आणि शिलिंग असे आम्ही दोघं' स्पष्ट आवाजात गायलो. हे तो तिसऱ्याच श्रोत्यांना सांगतोय. हा 'वित' म्हणजे तुमच्या ताईचं 'आमच्याकडे'! जुन्या नॉर्समध्येही, म्हणजे आइसलँडिकच्या पूर्वज भाषेतही, सर्वनामापुढे नुसतं नाव ठेवून हीच रचना होते आणि आइसलँडिकमध्ये ती आजही चालते. 'विद योन' म्हणजे 'मी आणि योन'.

दुसरं म्हणजे द्विवचनाचं पुढे काय झालं ते बघा. इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास ते संपलं. आइसलँडिकमध्ये उलट झालं. 'विद' हे मूळ द्विवचनच साधं 'आम्ही' बनलं आणि जुनं अनेकवचन 'व्येर' भारदस्त, ग्रंथातल्या भाषेपुरतं उरलं. बव्हेरियाच्या बोलीत 'तुम्हाला' साठी 'एंक' म्हणतात, तेही जुनं द्विवचनच, आता कितीही माणसांना चालतं. म्हणजे जर्मेनिक द्विवचन मेलं तरी किंवा पसरून अनेकवचन झालं. त्याचं 'आपण' कुठेच झालेलं मला माहीत नाही. अशक्य आहे असं म्हणत नाही, पण तुम्ही ध्वनिबदलांत इतक्या काटेकोर आहात, तर हा जोड सैल वाटेल.

नदीकाठ

संगमपूल, वाईट वाटलं, पण पटलं. शिलिंगचा दाखला वाचून वही मिटून ठेवली. तीन वर्षं मी 'वित'कडे 'आपण' म्हणूनच बघत होते.

घाटावरचा, तुमचा प्रश्न रास्त आहे. बेटाला दोन शब्द हवेत कारण बेटावरच्या माणसाला रोज ठरवावं लागतं, समोरचा या काठाचा की त्या. पण खरं कारण माझं आहे. मी कथा मराठी मनाने लिहिते आणि ही दोन माणसं एकाच शब्दात कोंबली की ती माझ्या हातून निसटतात.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर होतो, आता निवृत्त होऊन कोथरूडला असतो. पापुआ न्यू गिनीच्या बंदरांत बऱ्याचदा जाणं झालं. तिथे टोक पिसिन बोलतात. शब्द बहुतेक इंग्रजीतून आलेले, बांधणी तिथली. आपण म्हणजे 'यूमी', यू आणि मी. आम्ही म्हणजे 'मीपेला', त्यातला पेला म्हणजे इंग्रजी फेलो. आपण दोघं असेल तर 'यूमीतुपेला', आम्ही दोघं पण तू नाही तर 'मीतुपेला'. धक्क्यावरचा हमाल "यूमी गो" म्हणाला की मी निघायचो, "मीपेला गो" म्हणाला की थांबायचो. मराठी माणसाला हे एका दिवसात अंगवळणी पडतं. आमच्या जहाजावरचे इतर प्रांतांचे लोक महिनोन्महिने चुकायचे. फक्त एक तमिळ मुलगा माझ्याइतक्याच सहज बोलायचा. शेजारच्या वनुआतूच्या राष्ट्रगीताचं नावच 'यूमी, यूमी, यूमी' आहे.

तेव्हा जर्मेनिक मातीतून हे भांडं घडतं, हे मी कानांनी ऐकलंय. तुमच्या भाषेत 'दू' आणि 'इक' जोडून बघा.

संगमपूल

काका, फार सुंदर उदाहरण दिलंत. त्या तमिळ मुलाचं कारणही सांगते. तमिळमध्ये नाम् म्हणजे आपण आणि नांगळ् म्हणजे आम्ही, तेलुगूत मनम् आणि मेमु. संस्कृतात हा भेद नव्हता. 'वयम्'मध्ये ऐकणारा आहे की नाही ते संदर्भावरून कळायचं. मराठी-गुजरातीत तो आला, त्यामागे बरेच अभ्यासक द्राविडी भाषांचा सहवास बघतात. टोक पिसिनमध्येही तसंच, शब्द इंग्रजी पण ते बोलणाऱ्यांच्या मूळच्या भाषांत हा भेद आधीपासून होता.

आता होल्मिस्कच्या आसपास कोण आहे? उत्तर युरोपात हा भेद शिकवणारा शेजारी नाही. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी भाषांत द्विवचन आहे, पण आपण-आम्ही नाही. म्हणजे ताईंना घरातूनच काहीतरी उगवावं लागेल.

रचलेल्या जर्मेनिक भाषांत यावर काही सापडेल म्हणून मीही शोधत होते. एलियास मोली यांची १९०२ ची ट्युटोनिश घ्या, किंवा नव्वदच्या दशकात अनेकांनी मिळून सुरू केलेली फोल्कस्प्राक. त्यांचा रोख बहुतेक जर्मेनिक भाषांत जे समान आहे ते उचलण्याकडे. समान काय, तर एकच 'वी'. त्यामुळे तिथे हा प्रश्नच उठत नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन मात्र पेशाने जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक, आणि त्यांनी रचलेल्या क्वेन्यात आपण-आम्ही वेगळे आहेत. पण क्वेन्या जर्मेनिक नाही.

आजोळचा कोश

मी शाळेत ३४ वर्षं संस्कृत शिकवलं. जर्मन येत नाही, पण तरुणपणी भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयात बसून तौलनिक भाषाशास्त्र बरंच वाचलं आहे. या चर्चेत एक गोष्ट राहून गेली असं वाटतं, म्हणून लिहितो.

आपल्या भाषेने 'आपण' कुठून आणला ते आधी पाहू. 'आम्ही' हा सरळ वारसा. संस्कृत 'अस्मद्', त्यावरून प्राकृत 'अम्हे', त्यावरून 'आम्ही'. त्या 'अस्म'चं मूळ आणि जर्मन 'उन्स', इंग्रजी 'अस' यांचं मूळ एकच आहे. तेव्हा नदीकाठताईंचा 'ऊस' आणि आपलं 'आम्हाला' ही लांबची भावंडं आहेत.

'आपण' त्या घराण्यातला नाही. तो 'आत्मन्'पासून आला. आत्मन्, प्राकृतात अप्पण, मग आपण. मूळ अर्थ 'स्वतः'. मराठीत तो अर्थ अजून जिवंत आहे: 'त्याने आपण होऊन सांगितलं'. 'स्वतः'वरून 'स्वतःचा', त्यावरून 'आपला', म्हणजे परका नव्हे तो. 'आपला माणूस' म्हणताना आपण नेमकं हेच म्हणतो. सर्वनामात ऐकणारा येऊन बसला तो या वाटेने, असं मला वाटतं. मोजणीच्या वाटेने नाही. दोघे की तिघे याचा इथे संबंधच नाही, आपलेपणाचा आहे.

तर मग जर्मेनिकमध्ये 'आपला' या अर्थाचा जुना शब्द कोणता? संस्कृत 'स्व'चा सख्खा नातेवाईक तिथे आहे. गॉथिकमध्ये 'स्वेस' म्हणजे स्वतःचा. जुन्या इंग्रजीत 'स्वॅस' म्हणजे आपला, जवळचा, प्रिय. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात राजाचं शव समुद्राकडे नेणाऱ्या सोबत्यांना 'स्वॅसे येसीथास' म्हटलं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'आपली माणसं' यापलीकडे दुसरं भाषांतर मला सुचलं नाही. पुढे या सगळ्या भाषांतून तो शब्द हळूहळू हरवला. तुमच्या बेटावर तो हरवू देऊ नका.

नदीकाठ

काका, मी हे ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि एक थांबा पुढे गेले.

घरी येताच वही काढली. आदिजर्मेनिकमधला तो दीर्घ ए पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे आ झाला, माझ्याकडेही तोच नियम आहे. म्हणून होल्मिस्कमध्ये 'स्वास'. आधी लोक 'वी स्वासे' म्हणत असतील, 'आम्ही आपली माणसं'. मग रोजच्या बोलण्यात 'वी' गळला असेल. डचमध्ये 'तुम्ही'साठी 'युली' आहे ना, तो असाच 'येइ लीडेन', 'तुम्ही लोक', यावरून झिजून झालाय. आपणही 'तुम्ही लोक', 'आम्ही लोक' म्हणतोच.

रूपं अशी बसतात: आपण म्हणजे स्वास, आपल्याला म्हणजे स्वासुम, आपला म्हणजे स्वासेर. शेजारी वी, ऊस, ऊसेर. ऊसेर आणि स्वासेर! आमचा आणि आपला. पोळ्या लाटता लाटता दोन्ही मोठ्याने म्हणून बघितले, कितीतरी वेळा.

चैत्रगौर

'स्वास' वाचल्या वाचल्या 'श्वास' डोळ्यांपुढे आला. आणि जर्मनमध्ये श्वासाला 'आतेम' म्हणतात, तो आपल्या 'आत्मा'चा नातेवाईक असल्याचं ऐकलंय. मग थेट 'आतेम'वरूनच आपण का करू नये? मूळच एक होईल.

आजोळचा कोश

चैत्रगौर, आतेम आणि आत्मन् यांचं नातं भाषाशास्त्रात मानलं जातं. जुन्या इंग्रजीतही 'ॲथ्म' म्हणजे श्वास. पण जर्मेनिकमध्ये तो शब्द श्वासापाशीच थांबला, 'स्वतः'पर्यंत आला नाही. भारतात श्वासापासून जीव आणि जिवापासून 'स्वतः' हा प्रवास झाला, म्हणून पुढे 'आपण' होऊ शकला. मधला टप्पा नसताना शेवटचा कसा आणणार? स्वास आणि श्वास हे मात्र नुसतं ध्वनिसाम्य. आपला श्वास 'श्वस्' धातूवरून आला, त्याचा 'स्व'शी संबंध नाही. कानाला गोड लागतं हे मान्य आणि त्याचा आनंद घ्यायला काहीच हरकत नाही.

वाईची लेक

मी उशिरा आले. सगळं वाचून एक शंका. मराठीतला 'आपण' एका जागी बसलेला नाही. दुकानात "आपण काय घेणार?" म्हटलं की तो समोरच्याचा मान. कट्ट्यावर "आपण नाही बाबा जाणार" म्हटलं की तो 'मी'. "आपण चांगलं वागावं, मग लोक वागतात" इथे तो कुणीही. आमचे डॉक्टर "आता आपण ही गोळी सुरू करू" म्हणतात, गोळी एकटी मी घेते, तरी बरं वाटतं. ताई, तुमचा 'स्वास' इतका फिरणार आहे का? नसेल, तर तो आपल्या 'आपण'पेक्षा गरीब नाही का होणार?

नदीकाठ

वाईची लेक, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. दोन दिवस विचार केला.

मानाचं 'स्वास' मी होऊ देणार नाही. जर्मनने मानासाठी तृतीयपुरुषी अनेकवचन घेतलं, 'झी' म्हणजे ते आणि 'झी' म्हणजेच तुम्ही. डचने 'यू' घेतला. स्वीडिशमध्ये मानाच्या संबोधनांचा इतका गुंता झाला की १९६० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी तो मोडून सरसकट 'दू' धरलं. माझ्या बेटावर चारशे माणसं आहेत, सगळी एकमेकांना दू म्हणतात. मान देण्यासाठी त्यांना शब्द बदलावा लागत नाही, ती उठून उभी राहतात.

डॉक्टरांचा 'आपण' मात्र मला हवाय! सुईण बाळंतिणीला स्वास म्हणेल. तो शब्द मी वहीत लाल पेनाने लिहिलाय.

घाटावरचा

तीन दिवस हा धागा वाचतोय. व्याकरण अर्धं डोक्यावरून गेलं तरी सोडवत नाही. फक्त एक राहिलं. त्या दिवाळीला आईचा हात थांबला, पुढे काय झालं? आणि तुमच्या कथेतली आई काय उत्तर देते? वाक्य मुलीचं सांगितलंत, आईचं नाही.

नदीकाठ

सांगते. मुलीचं वाक्य आता असं झालंय:

मिद ऊस कुम्द नेन साल्त इन देग.

मिद ऊस म्हणजे आमच्याकडे, कुम्द म्हणजे येतं, नेन साल्त म्हणजे मीठ नाही, इन देग म्हणजे कणकेत. होल्मिस्क ऐकणाऱ्याला 'ऊस'पाशीच कळतं काय घडलं ते, कारण तिथे 'स्वासुम' यायला हवं होतं.

आईचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं, कारण माझ्याकडे शब्द नव्हता.

त्या दिवाळीला खरं काय झालं, तर चकल्या संपेपर्यंत आई गप्पच होती. ताई डबे भरत होती. आईने सोऱ्या धुतला, चकतीच्या भोकांत अडकलेलं पीठ काडीने काढलं, हात पदराला पुसले. मग ताईकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी दळताना दोन डबे करू आपण. एक बिनधन्याचा." ताई "कशाला गं" म्हणाली आणि दोघी हसल्या. मी त्या वेळी फार लक्ष दिलं नव्हतं. या धाग्यावर काकांचा 'स्वेस' वाचला तेव्हा ते 'आपण' पुन्हा ऐकू आलं. दुसरा डबा तेव्हापासून दर वर्षी होतो, झाकणावर आईच्या अक्षरात 'बिनधने' लिहिलेली पट्टी आहे.

म्हणून कथेतली आई म्हणते:

दान दो स्वास इत सो.

मग आपण तसं करू.

संगमपूल

ताई, वाक्य वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तरी एक दाखवायलाच हवं. होल्मिस्क किनारपट्टीची आहे, म्हणजे वी, यी आणि ते या तिघांना क्रियापदाचा अनेकवचनी प्रत्यय एकच, जुन्या इंग्रजी, फ्रिजियन आणि सॅक्सनसारखा. तुमच्या नियमाने 'दोद' हवं. 'दो' कसं?

नदीकाठ

मी जुन्या इंग्रजीचा नियम लावला. तिथे क्रियापद आधी आणि 'वी' किंवा 'यी' लगेच मागोमाग आलं की प्रत्यय झिजतो. 'वी दोथ' पण 'दो वी'. स्वासही सर्वनामच, म्हणून 'दो स्वास'.

संगमपूल

पण झीज होते ती जुन्या सर्वनामांपुढे, ती क्रियापदाला घासून घासून चिकटलेली असतात. स्वास नवा आहे, कालपर्यंत तो 'आपली माणसं' असा पूर्ण शब्द होता. नामापुढे प्रत्यय झिजत नाही. मला वाटतं 'दो वी' पण 'दोद स्वास' असं हवं. शंभर वर्षांनी कुणी होल्मिस्कचं व्याकरण लिहिलं, तर त्या एका द् वरून त्याला कळेल की हा शब्द कुठून आलाय.

आजोळचा कोश

संगमपूल यांच्याशी पूर्ण सहमत. तो द् राहू द्या.

नदीकाठ

दान दोद स्वास इत सो.

दुरुस्त केलं. वहीतही केलं.